देवघर नव्यानं मांडताय ना ताई? आधी एवढंच

आई गेल्यापासून मन थाऱ्यावर नाही म्हणून देवघर मांडताय, चांगलंय. पण एकदम मोठा घाट घालू नका.

सागवानी देव्हाऱ्याची घाई नको. पाट, धुतलेलं कापड, कुलदैवताचा टाक किंवा तसबीर, निरांजन आणि ताम्हण, पुष्कळ झालं. साताऱ्यात नवा संसार मांडला तेव्हा मी सज्जनगड, माहुली, औदुंबर, जाईन तिथून एक फोटो आणायची. सकाळ धूळ पुसण्यातच जायची, वर चिडचिड वेगळीच.

- वेळ एकच ठरवा. दहाच मिनिटं, पण रोज. खाडा झाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट भरपाई करत बसू नका.
- फुलवात तुपात पूर्ण भिजवा, टोक चिमटीत पिळून उभं करा. निरांजन पडद्यापासून लांब.
- आईंचा फोटो देवांत नको, वेगळ्या भिंतीवर. आपल्याकडे तीच रीत आहे.
- निर्माल्य कृष्णेत नाही, कुंडीत.

रडू आलं तर येऊ द्या, पूजा मोडत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या मात्र चालूच ठेवा.

सोवळं, दिशा, अभिषेकाचं महिन्याभरानं विचारा.