पेंटागॉनमधले ‘कार्यासन’ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेच्या संरक्षण खात्यात हिंद-प्रशांत क्षेत्राचे धोरण पाहणारे एक कार्यालय आहे : इंडो-पॅसिफिक सिक्युरिटी अफेअर्स. भारताची फाइल तिथूनच हलते. या कार्यालयाबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. (सप्टेंबर 2025 पासून खात्याने ‘डिपार्टमेंट ऑफ वॉर’ अशी पाटी लावली आहे. पण ते अध्यक्षांच्या आदेशाने दिलेले जोडनाव आहे. कायद्यातले नाव बदलायला काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद लागते, म्हणून इथे जुनेच नाव वापरले आहे.)

प्रश्न : या कार्यालयाच्या प्रमुखाला बातम्यांत कधी ‘सहायक संरक्षणमंत्री’ म्हणतात, कधी ‘सहायक सचिव’. हे मंत्री असतात की बाबू?

नेमणूक राजकीय आणि काम सचिवाचे, असा हा मामला आहे. ‘असिस्टंट सेक्रेटरी ऑफ डिफेन्स’ला अध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते आणि अध्यक्ष बदलले की बहुधा खुर्चीही बदलते. ते मंत्रिमंडळात नसतात.

घोळ होतो तो शब्दांमुळे. आपल्या मंत्रालयात अवर सचिव म्हणजे कक्ष अधिकाऱ्याच्या वरची पायरी. पेंटागॉनचा ‘अंडर सेक्रेटरी फॉर पॉलिसी’ मात्र धोरणाच्या बाबतीत संरक्षणमंत्री आणि उपमंत्र्यांनंतरचा सर्वांत वजनदार माणूस. असिस्टंट सेक्रेटरी त्याच्या हाताखाली येतो. दर्जा ओळखायचा तर शब्दकोश बाजूला ठेवा आणि टेबलाच्या पलीकडे आपला कोण बसतो ते पाहा. 1995 पासूनच्या ‘डिफेन्स पॉलिसी ग्रुप’मध्ये आपल्या संरक्षण सचिवांसमोर अंडर सेक्रेटरी बसतो. दोन्हीकडचे परराष्ट्र आणि संरक्षणमंत्री भेटतात त्या ‘टू प्लस टू’च्या मधल्या बैठकांत आपले सहसचिव असतात आणि त्यांच्यासमोर असिस्टंट सेक्रेटरी.

प्रश्न : हवाईतल्या इंडो-पॅसिफिक कमांडचा चार-तारांकित अधिकारी मोठा की हा? आणि भारत-पाकिस्तान एकाच माणसाकडे असतात का?

दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. 1986 च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्याने आदेशाची साखळी आखून दिली : अध्यक्ष, संरक्षणमंत्री, मग थेट कमांडर. असिस्टंट सेक्रेटरी या साखळीत कुठेच नाही. तो एक गस्तनौकाही हलवू शकत नाही. मात्र कमांडरच्या योजना ज्या मार्गदर्शक कागदावर उभ्या राहतात, तो कागद धोरण विभागात तयार होतो, आणि त्या योजनांची छाननीही तिथेच होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जास्त मजेशीर आहे. अमेरिकेच्या तीन नकाशांवर भारताचे शेजारी वेगवेगळे आहेत. लष्करी नकाशावर भारत हवाईच्या कमांडकडे, तर पाकिस्तान फ्लोरिडातल्या टँपा इथल्या सेंट्रल कमांडकडे. म्हणजे रेघ बरोबर वाघा-अटारीवरून जाते. परराष्ट्र खात्याच्या नकाशावर भारत-पाकिस्तान दक्षिण व मध्य आशिया विभागात एकत्र, पण चीन दुसऱ्याच विभागात. पेंटागॉनच्या या कार्यालयात मात्र भारत आणि चीन एका छताखाली आहेत, आणि बराच काळ पाकिस्तान-अफगाणिस्तानही तिथेच होते. फक्त प्रत्येकाचे उपप्रमुख वेगळे. चीनसाठी स्वतंत्र उपप्रमुख 2019 मध्ये आला. म्हणून चीन डोळ्यांसमोर ठेवून भारताचा विचार करण्याची सवय परराष्ट्र खात्याआधी या कार्यालयाला लागली, तर त्यात नवल नाही. 2018 च्या मे महिन्यात पॅसिफिक कमांडच्या नावाला ‘इंडो’ जोडले गेले, आणि त्याच सुमारास या कार्यालयाच्या पाटीवरचे ‘एशियन अँड पॅसिफिक’ही गेले.

प्रश्न : तिथे रोज नेमके काय चालते? ‘धोरण आखणे’ म्हणजे काय करणे?

कागद लिहिणे, आणि लिहिलेल्या कागदावर इतरांची सहमती मिळवणे. मंत्रालयात फाइल चालवलेल्या माणसाला हे लगेच कळेल.

समजा संरक्षणमंत्र्यांची भारताच्या संरक्षणमंत्र्यांशी अर्ध्या तासाची भेट ठरली. काम सुरू होते भारताच्या ‘कंट्री डायरेक्टर’कडे, म्हणजे आपल्या भाषेत कार्यासन अधिकाऱ्याकडे. तो टिपण तयार करतो : भेटीचा हेतू, अमेरिकेने मागायच्या दोन-तीन गोष्टी, भारत काय मागेल, त्यावर काय बोलायचे आणि काय अजिबात बोलायचे नाही. हा मसुदा मग फिरतो. जॉइंट स्टाफ या सेनादलांच्या संयुक्त यंत्रणेतल्या जे-फाइव्ह या नियोजन शाखेकडे, विधी सल्लागारांकडे, खर्चाचा विषय असेल तर कम्प्ट्रोलरकडे, शस्त्रास्त्रांचा असेल तर खरेदी विभागाकडे. तिथल्या बोलीत या सहमतीला ‘चॉप’ म्हणतात. सगळ्यांचे चॉप जोडले की कागद प्रिन्सिपल डायरेक्टर, डेप्युटी असिस्टंट सेक्रेटरी, असिस्टंट सेक्रेटरी, अंडर सेक्रेटरी असा पायऱ्या चढतो.

बिघडते कुठे? बहुतेक वेळा शब्दावर. मसुद्यात ‘आम्ही पुरवू’ लिहिले की विधी शाखा ‘पुरवण्याचा विचार करू’ करते, कारण पुरवण्याचा अधिकार दुसऱ्या कायद्याखाली, दुसऱ्या खात्याकडे असतो. दुसरा बिघाड वेळेचा. एका शाखेने असहमतीचा शेरा मारला तर तो वाद अधिकाऱ्यांनी आपसात मिटवायचा किंवा वर न्यायचा. वर न्यायला वेळ नसतो, म्हणून धारदार वाक्य गुळमुळीत होते. संयुक्त निवेदने इतकी बेचव का वाटतात, याचे निम्मे उत्तर इथेच आहे. चांगला असिस्टंट सेक्रेटरी अशा वेळी स्वतः फोन उचलतो आणि एक वाक्य वाचवतो. प्रमुखाचे नेतृत्व कुठे दिसते, असेही एकाने विचारले होते. ते भाषणांपेक्षा अशा फोनमध्ये जास्त दिसते.

पेंटागॉनबाहेर हाच माणूस राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या आंतरखाते बैठकीत संरक्षण खात्याची बाजू मांडतो. तिथे निर्णय झाला नाही तर विषय खात्यांच्या उपमंत्र्यांच्या समितीकडे आणि मग मंत्र्यांच्या समितीकडे जातो. विषय वर जाऊ न देता खालीच सुटला, तर ती कमाई. काँग्रेससमोर साक्ष देणे हेही त्याचेच काम. चीनच्या लष्करी सामर्थ्यावर काँग्रेसला दरवर्षी जो अहवाल द्यावा लागतो, त्याचे धोरणात्मक कामही याच कार्यालयाकडे येते.

प्रश्न : आपण घेतलेले एमक्यू-नाइन-बी ड्रोन याच कार्यालयाने विकले का?

नाही. परदेशी शस्त्रविक्रीला मंजुरी देण्याचा अधिकार परराष्ट्र खात्याचा. करार आणि पैशाचा व्यवहार चालवते डिफेन्स सिक्युरिटी कोऑपरेशन एजन्सी. हे कार्यालय फक्त अभिप्राय देते : या देशाला हे तंत्रज्ञान द्यावे का, दिल्यास प्रदेशात काय फरक पडेल, सोबत कोणते करार हवेत. सांकेतिक संदेशयंत्रणा मिळण्यासाठी लागणारा कॉमकासा करार 2018 च्या पहिल्या ‘टू प्लस टू’मध्ये झाला, तो अशाच अटीमुळे.

क्रम असा. खरेदीदार देशाचे मागणीपत्र जाते. अमेरिका किंमत आणि अटींचे ‘लेटर ऑफ ऑफर अँड अ‍ॅक्सेप्टन्स’ तयार करते. त्याआधी काँग्रेसला सूचना द्यावी लागते. भारतासारख्या देशासाठी मोठ्या शस्त्रसामग्रीची मर्यादा 1.4 कोटी डॉलर आणि एकूण विक्रीची 5 कोटी डॉलर. त्यापुढच्या प्रत्येक सौद्याला सूचना आणि 30 दिवसांची मुदत. नाटो, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, इस्रायल, न्यूझीलंड यांना 15 दिवसच.

आपल्याकडे जून 2023 मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने 31 ड्रोनना मान्यता दिली : नौदलाला 15, लष्कर व हवाई दलाला प्रत्येकी 8. काँग्रेसला सूचना गेली 1 फेब्रुवारी 2024 रोजी आणि करार झाला 15 ऑक्टोबर 2024 रोजी. मधले महिने त्या 30 दिवसांत गेले नाहीत. औपचारिक सूचनेच्या आधी संबंधित समित्यांकडे अनौपचारिक विचारणा होते आणि खरी अडवणूक तिथेच होते. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बेन कार्डिन यांनी हा सौदा तसाच रोखून धरला होता. आणखी एक : सूचनेतला 3.99 अब्ज डॉलरचा आकडा ही कमाल मर्यादा होती. आपल्या मथळ्यांत तोच ‘किंमत’ म्हणून छापला जातो.

प्रश्न : ही खुर्ची महिनोन्‌महिने रिकामी कशी राहते? काम अडत नाही?

अध्यक्षांनी नाव ठरवल्यावर पार्श्वभूमी तपासणी, मालमत्तेचे विवरण, संरक्षण कंपन्यांचे शेअर असतील तर ते विकणे, सिनेटच्या सशस्त्र सेना समितीची लांबलचक लेखी प्रश्नावली, सुनावणी आणि मतदान इतके टप्पे असतात. एका जरी सिनेटरने आक्षेप घेतला की एकमताने झटपट मंजुरीचा रस्ता बंद.

दरम्यान 1998 च्या रिक्त पदांच्या कायद्याने हंगामी माणूस साधारण 210 दिवस बसू शकतो, नवा अध्यक्ष आल्यावर 300. त्यानंतर ‘हंगामी’ शब्द जातो आणि ‘कर्तव्ये पार पाडणारे’ अशी लांबण येते. रँडल श्रायव्हर 2019 अखेरीस गेले आणि एली रॅटनर जुलै 2021 मध्ये आले. मधली दीड वर्षे बहुतांश डेव्हिड हेल्वी या मुरलेल्या सनदी अधिकाऱ्याने ओढली. फाइल चालत राहते. अडतो तो नवा विषय, कारण हंगामी माणसाने दिलेला शब्द पुढचा पाळेल का, हे समोरचा देश मनात धरतोच.

प्रश्न : यशवंतराव चव्हाण 1964 मध्ये लष्करी मदतीसाठी अमेरिकेला गेले, तेव्हा हे कार्यालय होते का?

या नावाने नव्हते. तेव्हा सारे जग ‘इंटरनॅशनल सिक्युरिटी अफेअर्स’ या एकाच कार्यालयाकडे होते. त्याला ‘छोटे परराष्ट्र खाते’ म्हणत, आणि लष्करी मदतीचा कार्यक्रमही त्याच्याच हाती होता. आशिया त्यातून वेगळा निघाला तो 2000 नंतरच्या दशकात.

धागा मात्र 1964 च्याही मागे जातो. नोव्हेंबर 1962 मध्ये चीनने युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवसांत हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, आणि त्याच आठवड्यात अ‍ॅव्हरेल हॅरिमन या अमेरिकी मुत्सद्द्याचे पथक दिल्लीत उतरले. त्यात पॉल नित्झे होते, म्हणजे याच कार्यालयाचे तेव्हाचे असिस्टंट सेक्रेटरी. चव्हाण मे 1964 मध्ये वॉशिंग्टनला मदतीची बोलणी करत असतानाच नेहरू गेले आणि त्यांना परतावे लागले. मदत ठरली, पण फार टिकली नाही. सप्टेंबर 1965 मध्ये युद्ध पेटताच अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांचाही पुरवठा एकदमच तोडला.