वाख, वल्कल आणि तो 'ज्यूट रोप'

लातूरच्या एका ताईंनी विचारलंय : बागेत वेल चढवायला आणि कुंड्या टांगायला दुकानातून 'ज्यूट रोप' आणला. त्याला मराठीत सुतळी म्हणायचं, तागाची दोरी म्हणायचं की काथ्या?

ताई, रोप कुंडीत लावतात. कुंडी टांगतात ती दोरीनं. तपकिरी आणि खरबरीत दिसलं की सगळंच 'ज्यूट रोप'! नारळाचा काथ्या असो, घायपाताच्या पातीचा धागा असो, नाव एकच. वर 'हाताने विणलेला दोर' अशी जाहिरात. दोर विणत नाहीत हो, वळतात. विणतात ती बाज.

सुतळी सूत्रातून आली, हे शाळकरी पोरही सांगेल. ज्यूट बंगालीतून इंग्रजीत गेला आणि त्याचं मूळ आपल्या जटाजूटातलं. तागाचा मात्र घोळ आहे. आपला शेतकरी हिरवळीच्या खतासाठी पेरतो तो ताग म्हणजे बोरू, शेंगवर्गातला. गोणपाटाचा बंगाली ताग वेगळ्याच कुळातला. बोरूला संस्कृतात शण म्हणत. तो आपल्या सणकाडीत, म्हणजे साल सोलून उरलेल्या काडीच्या नावात, अजून जिवंत आहे. आणि कोशवाल्यांनी सुंभ काथ्याशीच बांधून टाकलाय. किनाऱ्यावर ठीक आहे. पण नारळ नसलेल्या मुलखात जळूनही पीळ न सोडणारा सुंभ काय कोकणातून मागवायचा?

असो. आता ज्या शब्दासाठी मी लिहायला बसलो तो : वाख. मराठवाड्यात जिची पानं आपण भाकरीबरोबर खातो, त्या अंबाडीच्याच ताटांचा दोर होतो. ताटं कापून, पेंढ्या बांधून, वर दगड ठेवून ओढ्यात बुडवायच्या. साल कुजली की वास सहन होत नाही, पण तेव्हाच ती काडीवरून अलगद सुटते. ती आपटून, धुऊन, वाळवली की हाती येतात ते पिवळट, चमकदार धागे म्हणजे वाख. मागं उरते ती सणकाडी. या वाखाचे पेड पिळून कासरे आणि दावी वळायचं कसब मातंग समाजातल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं.

वाख आला संस्कृत वल्कातून. वल्क म्हणजे झाडाची साल. वल्क, वक्क, वाक, वाख. चक्राचं चक्क होऊन चाक झालं तीच वाट. अमरकोशात वल्क आणि वल्कल शेजारीशेजारी बसलेत. म्हणजे वनवासात रामानं नेसलं ते वल्कल आणि बैलाच्या गळ्यातल्या दाव्याचा वाख एकाच घरचे!

'वाकतो म्हणून वाख' अशी एक व्युत्पत्ती व्याख्यानांतून ऐकू येते. ऐकून हसावं की रडावं? वाकणे आलं वंकातून, म्हणजे वाकड्यातून. जुन्या लेखनात ते अनुस्वार देऊन 'वांकणें' असं लिहीत. तो अनुस्वार वाखात दाखवा, मग बोलू.

आता माझा तर्क, पंडितांनी खुशाल नाक मुरडावं. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, वल् या धातूला दोन अर्थ दिलेत : संवरण आणि संचरण, म्हणजे झाकणं आणि हलणं. झाकते म्हणून साल ती वल्क. हलण्यातून फिरणं, फिरण्यातून आपलं वळणं. म्हणजे 'वाख वळणे' यात नाम आणि क्रियापद एकाच धातूचे. घायपात तर अमेरिकेतून आलेलं झाड, त्याच्या धाग्याला सिसल हे नाव मेक्सिकोतल्या बंदरावरून पडलं. पण ते आपल्या बांधावर रुजलं आणि त्याच्याही पातीतून निघाला तो वाखच. आयता शब्द होता ना घरात!

हां, ताईंची दोरी. बारीक, मऊसर, सोनेरी असेल तर सुतळी. तीच जाड असेल तर तागाची दोरी. गडद तपकिरी, हाताला टोचणारी, केसाळ असेल तर काथ्या. पांढरट, ताठ असेल तर घायपाताचा वाख. कुंड्या टांगायला काथ्याच घ्या. तो ओल सोसतो. सुतळी सततच्या पाण्यानं कुजते, ती वेलाला पुरे. आणि दुकानदाराला एकदा विचाराच, हा 'रोप' लावायचा कुठल्या वाफ्यात?