पासपोर्टच्या आधी पाचारण

वसईचा एक २१ वर्षांचा तरुण लिहितो: नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, मिशनरी होऊन आफ्रिकेत जायचं मनात आहे. बाबा म्हणतात, आधी जर्मनीत नोकरी कर, शिक्षणाचं कर्ज फेड. हे पाचारण, म्हणजे देवाची हाक, आहे की नुसती ओढ, कसं ओळखू?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पासपोर्ट काढून ठेवल्याचं तू पहिल्याच ओळीत लिहिलंस. रात्रपाळीला एका आजोबांजवळ त्यांचा हात धरून बसलास, त्यांचं कुणीच आलं नव्हतं, आणि पहाटे घरी न जाता थेट चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेलास, हे मात्र शेवटी, ताजा कलम म्हणून. माझ्या मते तुझं पत्र तिथून सुरू होतं.

येशूसंघाचे (जेज्विटांचे) संस्थापक संत इग्नेशियस १५२१ साली लढाईत पाय मोडून घरी पडून होते. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचा विचार केला की समाधान मागे उरायचं. या फरकाकडे त्यांनी लक्ष दिलं. तूही दे. आफ्रिकेचे व्हिडिओ पाहून झाल्यावर तासाभराने काय उरतं? आणि त्या आजोबांच्या रात्रीनंतर काय उरलं? दोन-तीन महिने रोज रात्री चार ओळी लिहून ठेव आणि त्या वहीसकट आध्यात्मिक मार्गदर्शकांकडे जा. एकट्याने हे ठरवू नकोस.

दुसरं, व्रतस्थांच्या एखाद्या मिशनरी संघात गेलास की आज्ञापालनाचं व्रत असतं. कुठे पाठवायचं हे वरिष्ठ ठरवतात. आफ्रिकेऐवजी तलासरीच्या पाड्यावर पाठवलं तर जाशील? या प्रश्नाने पोटात गोळा आला तर घाबरू नकोस, पण तो दडवूही नकोस.

आपले संत गोन्सालो गार्सिया आठव. वसईचा हा मुलगा येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, वर्षानुवर्षं त्यांच्यासोबत धर्मशिक्षणाचं काम केलं, तरी संघात प्रवेश मिळाला नाही. मग व्यापार केला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात ब्रदर, म्हणजे धर्मगुरू नसलेला व्रतस्थ, झाला. १५९३ मध्ये जपानला परतला तो दुभाषी म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर त्याने प्राण दिले. तो धर्मगुरू कधीच नव्हता. तू ‘फादर व्हायचंय’ असं गृहीत धरून लिहिलंयस. नर्स असलेला ब्रदर हाही पुरा मिशनरीच असतो, हे मनात असू दे.

आता बाबांविषयी. कर्जाबाबत ते बरोबर आहेत, आणि ख्रिस्तसभेचा कायदाही त्यांच्याच बाजूने आहे: फेडता न येणारं कर्ज डोक्यावर असलेल्याला संघात घेऊ नये, असा नियम आहे. पदवी पूर्ण कर, इथेच नोकरी धर, हप्ते भर. जर्मनीला गेलास तरी पाप नाही, फक्त ‘दोन वर्षांनी बघू’ म्हणताना मनातली इच्छा थंडावतेय का, तेवढं पाहा.

वाट लांबची आहे. आधी उमेदवारी, मग किमान १२ महिन्यांचं नोव्हिशिएट (व्रतांआधीचा प्रशिक्षणकाळ), त्यानंतर निदान ३ वर्षं तात्पुरती व्रतं आणि मगच आजन्म व्रतं. नोव्हिशिएटमधून केव्हाही निघता येतं, कुणी अडवत नाही. आईला हे नीट सांग. मुलगा दारातून गेला की कायमचा गेला, असं तिला वाटत असेल. परदेशी मिशनसाठीच १८७५ मध्ये स्थापन झालेल्या डिव्हाइन वर्डसारख्या संघांकडे चौकशी कर. धर्मप्रांतीय धर्मगुरूंनाही काही वर्षांसाठी दुसऱ्या देशात पाठवलं जातं, तेही विचारून घे.

एखाद्या संघाच्या ‘कम अँड सी’ (या आणि पाहा) ओळख-शिबिराला जाऊन ये. तिथल्या फादरांना एकदा घरी जेवायला बोलाव. बाबांना त्यांचे सगळे प्रश्न विचारू दे, कर्जाचेसुद्धा. तू मध्ये बोलू नकोस.