गाण्या-चित्रांतून मुलांना नागरी हक्क शिकवता येतात का?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची नागरी हक्क चळवळ मुलांना शिकवताना गाणी आणि चित्रे खरोखर उपयोगी पडतात, की त्यामुळे तास नुसता रंजक होतो, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती उपयोगी पडतात, मात्र धड्याला तोंडी लावणे म्हणून न वापरता त्या काळाचा पुरावा म्हणून मुलांसमोर ठेवली तरच.

सुरुवात मी चित्रापासून करीन. १४ नोव्हेंबर १९६० रोजी सहा वर्षांची रुबी ब्रिजेस न्यू ऑर्लिन्समधील केवळ गोऱ्या मुलांच्या शाळेत सरकारी मार्शलांच्या (न्यायालयाचे हुकूम अमलात आणणाऱ्या केंद्रीय अधिकाऱ्यांच्या) संरक्षणात दाखल झाली. चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांनी हा प्रसंग रंगवला आणि जानेवारी १९६४ मध्ये ते चित्र ‘लुक’ या नियतकालिकात छापून आले. पांढऱ्या झग्यातील रुबी हातात वही आणि पट्टी घेऊन ताठ चालते आहे. पुढे दोन, मागे दोन असे मार्शल आहेत, पण त्यांची डोकी चौकटीबाहेर राहिल्यामुळे चित्रात चेहरा दिसतो तो एकट्या रुबीचा. मागच्या भिंतीवर वंशद्वेषी शिवी खरडलेली आहे (ती मुलांपासून लपवू नये, पण तिचा अर्थ आधी शांतपणे सांगून ठेवावा) आणि फेकलेला टोमॅटो फुटून त्याचा लाल डाग पडला आहे. तो कोणी फेकला असेल, एवढेच मुलांना विचारावे आणि थांबावे. तिच्या प्रवेशाला विरोध करणारा जमाव चित्रात कुठेच नाही. तो जिथे उभा असणार, नेमक्या त्याच जागी चित्र पाहणारा उभा आहे. हे मुलांच्या आपणहून लक्षात आले, की मग शाळांतील वंशभेदाविषयीचा कायदा समजावून सांगणे सोपे जाते.

गाण्यांचे काम निराळे आहे. चळवळीतील पुष्कळ गाणी चर्चमधील जुन्या भक्तिगीतांवर बेतलेली होती. चाल सर्वांना ठाऊक असे आणि एखादी ओळ बदलली की नवे कडवे तयार होई. जॉर्जियातील ऑल्बनीच्या आंदोलनात लोकांनी तिथले पोलीसप्रमुख प्रिचेट यांचे नावच गाण्यात गुंफले आणि ते आम्हाला मागे फिरवू शकणार नाहीत, असे गायले. मुलांना असेच स्वतःचे कडवे रचायला लावले, तर मागणी कोणाकडे आणि कशासाठी करायची, हे त्यांना आधी ठरवावेच लागते.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे, कारण गोड चालीखाली त्या गाण्यांची किंमत सहज झाकली जाते. २ मे १९६३ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरातील शेकडो विद्यार्थी शाळा सोडून चर्चमध्ये जमले आणि गटागटाने गात रस्त्यावर उतरले. त्यांची धरपकड झाली, दुसऱ्या दिवशी निदर्शकांवर पोलिसांचे कुत्रे सोडले गेले आणि अग्निशामक नळांनी पाण्याचा जबर मारा झाला. हे सांगितल्याशिवाय वर्गात ती गाणी म्हणवून घेऊ नयेत. १० मे रोजी चळवळीचे नेते आणि शहरातील व्यापारी यांच्यात जो समझोता जाहीर झाला, त्यातील कलमेही मुलांना वाचून दाखवावीत: दुकानांतील खाण्याचे काउंटर, प्रसाधनगृहे, कपडे घालून पाहण्याच्या खोल्या आणि पिण्याच्या पाण्याचे नळ सर्वांना खुले करणे.