इथिओपियाच्या राजधानीला, अदिस अबाबाला निघालात? मग तिथल्या अम्हारिक भाषेतलं एवढं पाठ करा

'सलाम' कुठेही चालतं, तिथूनच सुरुवात करा. पुढे मात्र समोर कोण आहे ते बघा. पुरुषाला 'देहना नेह?', बाईला 'देहना नेश?', वयस्कर माणसाला 'देहना नोत?'. कसा आहेस, कशी आहेस, कसे आहात हे आपल्या अंगवळणी असतंच, त्यामुळे जड जाणार नाही. आणि एकदा विचारून लगेच कामाचं बोलू नका. तब्येत, घरची मंडळी अशी दोन-तीनदा विचारपूस होते, ती होऊ द्या.

आभाराचं 'अमेसेग्नालेहू' जरा लांबलचक आहे, विमानातच घोकून ठेवा. 'यिकिर्ता' माफी मागायलाही चालतं आणि गर्दीतून वाट काढायलाही. सगळ्यात कामाचा शब्द 'इशी', म्हणजे बरं, ठीक आहे. तो दिवसभर कानावर पडेल. होकार देताना काही जण नुसता झटकन श्वास आत ओढतात. दचकू नका, ते 'हो'च असतं.

मर्कातोच्या बाजारात भाव विचारायला 'सिंत नेव?' पुरे. वेळ ठरवताना मात्र सावध राहा. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे ७ म्हणजे त्यांचा १. कोणत्या घड्याळाने ते आधीच विचारून घ्या, नाहीतर गाडी निघून जायची.