कडेची माणसं कुठे गेली? फोटो उतरवण्या-छापण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या प्रश्नांमध्ये ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ असं एकानेही विचारलेलं नाही, त्यामुळे मी खुशीत आहे. सगळ्यांचे प्रश्न फोटो काढून झाल्यानंतरचे आहेत: कार्डातून कॉम्प्युटरवर, तिथून कागदावर. बहुतेक फोटोंची वाट लागते ती याच टप्प्यात, आणि बोल मात्र कॅमेऱ्याला नाहीतर प्रिंटरला लागतो.

प्रश्न: कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडला की चार्जिंगचा दिवा लागतो, पण लॅपटॉपवर काहीच दिसत नाही. कॅमेरा दुरुस्तीला टाकावा का?

आधी केबल बदलून बघा. काही यूएसबी केबलमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. अशा केबलने कॅमेरा चार्ज होईल, पण लॅपटॉपला त्याचा पत्ताही लागणार नाही. कॅमेऱ्याबरोबर आलेली केबल कुठल्या तरी खणात पडलेली असेल, ती शोधा. कॅमेरा चालू आहे ना, तेही पाहा; काही कॅमेरे बंद असताना चार्ज होतात आणि चालू केल्यावरच फोटो देतात. वाय-फाय चालू असेल तर काही मॉडेल केबलकडे ढुंकूनही बघत नाहीत.

एवढं करूनही काही दिसलं नाही, तर मेनूत यूएसबी कनेक्शनची सेटिंग शोधा. तिथे ‘मास स्टोरेज’ असेल तर कॅमेरा पेन ड्राइव्हसारखा उघडतो. ‘पीटीपी’ किंवा ‘एमटीपी’ असेल तर तो ड्राइव्ह म्हणून न दिसता वेगळं उपकरण म्हणून दिसतो. मॅकवर तर पीटीपीवाला कॅमेरा फाइंडरमध्ये, म्हणजे फाइली दाखवणाऱ्या खिडकीत, येतच नाही. त्यासाठी मॅकमध्ये आधीपासून असलेलं ‘इमेज कॅप्चर’ उघडावं लागतं.

खरं सांगायचं तर मी केबलच्या भानगडीत पडतच नाही. कार्ड काढायचं, कार्ड रीडरमध्ये घालायचं. कॅमेऱ्याची बॅटरी जळत नाही आणि कॉपी चालू असताना कॅमेरा मान टाकेल ही धास्तीही नाही. रीडर मात्र कार्डाच्या तोलामोलाचा हवा. साधं एसडी कार्ड २ जीबीपर्यंतचं, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंतचं, आणि त्यापुढचं २ टीबीपर्यंतचं एसडीएक्ससी. दिसायला तिन्ही सारखीच. जुन्या रीडरला किंवा जुन्या कॉम्प्युटरला एसडीएक्ससी वाचता येईलच असं नाही. मग स्क्रीनवर एक साळसूद चौकट येते: हे कार्ड वापरण्यापूर्वी फॉरमॅट करायला हवं, करू का? तिथे ‘कॅन्सल’ दाबा. फोटो बहुधा जागेवर असतात, समोरच्या यंत्राला ते वाचता येत नाहीत एवढंच. कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालून खात्री करून घ्या आणि दुसरा रीडर आणा.

प्रश्न: कार्डातले फोटो नेहमीच्या फोल्डरमध्ये टाकताना ‘या नावाची फाइल आधीच आहे, बदलायची का?’ असं विचारलं. मी ‘हो’ म्हटलं. आता मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो सापडत नाहीत. कुठे गेले असतील?

नव्या फोटोंनी त्यांची जागा घेतली. कॅमेरा फाइलच्या नावात चार आकडी क्रमांक देतो, ०००१ ते ९९९९. तो संपला की पुन्हा ०००१. शिवाय मेनूत क्रमांक ‘सलग’ऐवजी ‘रीसेट’वर असतील, तर कार्ड फॉरमॅट केलं की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. कार्डावर याचा गोंधळ होत नाही, कारण तिथे डीसीआयएम नावाच्या फोल्डरच्या पोटात कॅमेरा १००, १०१, १०२ अशा आकड्यांनी सुरू होणारे फोल्डर करत जातो. तुम्ही दर वेळी सगळं उचलून एकाच फोल्डरमध्ये ओतलंत आणि सारख्या नावांची तिथे टक्कर झाली.

बदलली गेलेली फाइल रीसायकल बिनमध्ये जात नाही, तेव्हा तिथे वेळ घालवू नका. वाढदिवसाच्या वेळचं कार्ड वेगळं होतं का? फोटो कुणाला मेल केले होते का? क्लाउडमध्ये आपोआप प्रत जाते का? विंडोजवर ‘फाइल हिस्टरी’ किंवा मॅकवर ‘टाइम मशीन’ आधीपासून चालू असेल, तर जुनी फाइल तिथून परत घेता येते. याच क्रमाने शोधा.

आणि आजपासून प्रत्येक वेळी नवा फोल्डर. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: ‘२०२५-०३-१४ वाढदिवस’. असं नाव दिलं की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. ‘कट’ करू नका, ‘कॉपी’च करा. मग दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवा आणि शेवटचे काही फोटो पूर्ण मोठे उघडून बघा. छोटं चित्र दिसलं म्हणजे फोटो आला, असं समजू नका. जेपेग फाइलमध्ये हे छोटं चित्र सुरुवातीलाच साठवलेलं असतं, त्यामुळे अर्धवट कॉपी झालेली फाइलही बाहेरून धडधाकट दिसते. उघडली की वरचा भाग नीट, आणि खाली नुसता राखाडी पट्टा. हे सगळं तपासून, दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत ठेवली की मगच कार्ड फॉरमॅट करा, तेही कॅमेऱ्यातूनच.

प्रश्न: चुकून फॉरमॅट केलेल्या कार्डावरचे फोटो परत मिळतात का?

बहुतेकदा मिळतात. अट एकच, त्या कार्डावर एकही नवा फोटो काढलेला नसावा. साध्या फॉरमॅटमध्ये फोटो पुसले जात नाहीत, कुठला फोटो कुठे आहे ही यादी तेवढी कोरी होते. कार्ड लगेच बाहेर काढा आणि कडेची छोटी खिट्टी ‘लॉक’कडे सरकवून ठेवा. मग ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरून बघा. सापडलेले फोटो त्याच कार्डावर नव्हे, कॉम्प्युटरवर साठवा. मूळ नावं मिळणार नाहीत, तो त्रास सोसायचा. कॅमेऱ्यात ‘लो लेव्हल फॉरमॅट’, म्हणजे यादीबरोबर फोटोही पुसणारं फॉरमॅट, निवडलं असेल तर मात्र आशा जवळजवळ नाही.

प्रश्न: आमच्या ग्रुप फोटोची ४ × ६ इंची प्रिंट व्यवस्थित आली होती. तोच फोटो ८ × १० मध्ये करून घेतला तर दोन्ही टोकांची माणसं अर्धी कापली गेली. लॅबवाले म्हणतात, फोटोच तसा आहे. चूक कोणाची?

भूमितीची. तुमचा कॅमेरा डीएसएलआर असावा. त्याच्या फोटोची रुंदी आणि उंची ३:२ या प्रमाणात असते. ४ × ६ चा कागदही त्याच प्रमाणाचा, म्हणून फोटो तिथे चपखल बसला. ८ × १० चं प्रमाण ५:४, म्हणजे तो कागद जास्त चौकोनी आहे. फोटोची उंची ८ इंच भरायची तर रुंदी १२ इंच होते आणि कागद तर १० इंचांचाच. दोन इंच जाणारच, दोन्हीकडून एकेक. टोकाला उभे असलेले काका आणि मावशी नेमके त्या इंचात होते.

मोबाइल आणि छोटे कॉम्पॅक्ट कॅमेरे सहसा ४:३ वर असतात. त्यांची कथा उलटी. त्यांचा आडवा फोटो ४ × ६ वर घेतला की ६ इंच रुंदीला साडेचार इंच उंची लागते. कागद चारच इंचांचा, म्हणून अर्धा इंच, म्हणजे फोटोचा नववा हिस्सा, वरून-खालून जातो. मागच्या रांगेतल्या उंच माणसांच्या डोक्यावर सुरी फिरते ती अशी.

लॅबच्या मशीनला माणसं कळत नाहीत. ते बहुधा फोटोचा मध्य धरतं आणि कडा कापून मोकळं होतं. म्हणून कापायचं काम त्याच्यावर सोडू नका. फोटोची प्रत काढा, कुठल्याही ॲपमध्ये क्रॉप उघडून प्रमाण ५:४ निवडा आणि चौकट स्वतः सरकवून बघा. तुमच्या फोटोत ती कुठेही सरकवली तरी कोणीतरी जाणारच असेल, तर दोन मार्ग उरतात. एक, ८ × १२ ची प्रिंट घ्या, त्यात काही कापावं लागत नाही. दोन, ८ × १० चीच फ्रेम आणून ठेवली असेल तर ‘फिल’ऐवजी ‘फिट’ मागा; पूर्ण फोटो येईल, वर-खाली पांढरी पट्टी राहील. मला ती पट्टी आवडते, फ्रेममध्ये चांगली दिसते. पुष्कळांना मात्र पैसे देऊन कोरा कागद घेतल्यासारखं वाटतं.

बॉर्डरलेस प्रिंट असेल तर मशीन फोटो किंचित मोठा करून कागदाबाहेर सांडू देतं, त्यामुळे चारही कडांचे काही मिलिमीटर त्यातही जातात. ग्रुप फोटो काढतानाच एक पाऊल मागे सरका.

प्रश्न: माझ्या फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये ७२ डीपीआय दिसतं. प्रिंटला ३०० लागतं असं वाचलं. बदलून ३०० केलं तर क्वालिटी सुधारेल का?

साप साप म्हणून भुई धोपटताय. डीपीआय म्हणजे कागदाच्या एका इंचात किती ठिपके. तो ७२ म्हणजे फाइलला चिकटवलेली नुसती चिठ्ठी. फोटोत किती पिक्सेल आहेत त्याच्याशी तिचा संबंध नाही, आणि चिठ्ठीवरचा आकडा बदलून पिक्सेल वाढत नाहीत. बघायची ती पिक्सेलमधली लांबी-रुंदी. तिला ३०० ने भागा, इंच मिळतील. २४ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ६००० × ४००० असतो, म्हणजे २० × १३ इंच आरामात. ४ × ६ साठी तर १८०० × १२०० पुरेत, जेमतेम २ मेगापिक्सेलच्या वर. ८ × १२ ला ३६०० × २४०० लागतात. आणि ३०० हा आकडा हातात धरून बघायच्या प्रिंटसाठी आहे. भिंतीवर लांबून बघायची मोठी प्रिंट १५० लाही चांगली दिसते.

खरा घात होतो तो पाठवण्यात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा टाकलेला फोटो आकसून जातो. ६००० पिक्सेलची लांब बाजू १६०० ची झाली असेल तर ३०० ने भागल्यावर सव्वापाच इंच उरतात, आणि तुम्ही त्यातून १८ इंची पोस्टर मागता. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. पेन ड्राइव्ह किंवा क्लाउडची लिंकही चालेल. फोटो दुसऱ्याकडून आलेला असेल तर प्रिंटला देण्याआधी मूळ फाइल मागून घ्या, मागायला लाजू नका.

प्रश्न: स्क्रीनवर फोटो लखलखीत दिसतो, प्रिंट मात्र काळपट येते. दोन प्रिंटर बदलून झाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. दोष बहुधा स्क्रीनच्या ब्राइटनेसचा आहे. स्क्रीन स्वतः उजेड फेकते. कागदावर जेवढा उजेड पडेल तेवढ्यातलाच तो परत देतो. ब्राइटनेस टोकाला ठेवून तुम्ही फोटो ‘छान’ करता, म्हणजे प्रत्यक्षात अंधारात ठेवता.

एक साधा प्रयोग करा. दिवसा खिडकीजवळ बसा, थेट ऊन नको. स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी पांढराशुभ्र कागद धरा आणि दोन्ही सारखेच पांढरे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय असेल तर ती बंद ठेवा. आता तोच फोटो उघडा. प्रिंटमध्ये दिसला तसाच तो काळपट दिसेल. इथून पुढे त्याला उजळ करा, आणि मोठी प्रिंट टाकण्याआधी एक ४ × ६ काढून बघा.

प्रिंट काळी नसून रंग मेलेले, विशेषतः हिरवे आणि लाल विझल्यासारखे वाटत असतील, तर कारण वेगळं. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘कलर स्पेस’ बघा, म्हणजे फाइलमधले रंग कोणत्या मापाने लिहायचे ती सेटिंग. ‘अडोबी आरजीबी’ असेल तर ‘एसआरजीबी’ करा. बहुतेक लॅब तेच गृहीत धरतात. पुष्कळ कॅमेऱ्यांत अडोबी आरजीबी फाइलच्या नावाची सुरुवात अंडरस्कोअरने होते, त्यावरून जुने फोटोही ओळखता येतील. ते एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये एसआरजीबीत ‘कन्व्हर्ट’ करून घ्या. नुसतं ‘असाइन’ केलं, म्हणजे रंगांचे आकडे तेच ठेवून फक्त मापाचं नाव बदललं, तर रंग आणखी बिघडतील.

फोटो तुम्ही स्वतः एडिट केला असेल तर लॅबला ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असं सांगा. केला नसेल तर चालू राहू द्या, त्यांचं मशीन तुमच्यापेक्षा बरं काम करेल.

प्रश्न: घरी फोटो प्रिंटर घ्यावा का?

महिन्यातून दोन-चार प्रिंट काढणार असाल तर नको. इंकजेट पडून राहिला की नोझल सुकतात आणि साफ करण्यातच शाई संपते. ४ × ६ पुरेसा असेल तर डाय-सब्लिमेशनचा छोटा प्रिंटर बरा. त्यात पातळ शाई नसते, रिबन असते. पिवळा, मॅजेंटा, सायन आणि शेवटी संरक्षक थर असा कागद चार वेळा आत-बाहेर करतो, मुलं तोंड उघडं ठेवून बघत बसतात. इंकजेट आधीच घरात असेल तर दोन गोष्टी सांभाळा: प्रिंट देताना सेटिंगमध्ये ‘प्लेन पेपर’ राहू देऊ नका, हातातला फोटो पेपर ज्या प्रकारचा असेल तोच निवडा; आणि प्रिंट पूर्ण सुकल्याशिवाय फ्रेममध्ये घालू नका. काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंट बोर्ड असू द्या, नाहीतर ग्लॉसी प्रिंट काचेला चिकटते आणि मग निघत नाही.

प्रश्न: माझ्या जुन्या कॅमेऱ्यात तारीख सारखी १ जानेवारी होते आणि फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी अक्षरांत तीच छापली जाते. ती काढता येईल का?

कोपऱ्यातली तारीख फोटोच्या पिक्सेलमध्येच उमटलेली असते. ती क्रॉप करून घालवा किंवा रीटचिंगने झाका, तिसरा उपाय नाही. फाइलच्या आतली तारीख मात्र दुरुस्त होते: ‘एक्झिफटूल’ या मोफत प्रोग्रॅममध्ये फरक सांगितला की सगळ्या फाइलींची तारीख एकदम पुढे-मागे सरकते. घड्याळाचं म्हणाल, तर ते चालू ठेवणारा एक छोटा सेल कॅमेऱ्यात असतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये तो मुख्य बॅटरीवर चार्ज होतो. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी दोन दिवस आत ठेवून बघा. तरीही १ जानेवारीच आली तर तो सेल संपलाय, दुरुस्तीवाल्याकडून बदलून घ्या. आणि मेनूतला ‘डेट स्टॅम्प’ आजच बंद करा. प्रिंटवर तारीख हवीच असेल तर ती छापतानाही घालता येते.