इंग्लंडमधल्या एफई (फर्दर एज्युकेशन, म्हणजे शाळेनंतरच्या व्यावसायिक शिक्षणाच्या) कॉलेजात शिकवायला आधी पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचा अध्यापनाचा कोर्स, करावाच लागतो का?

कायद्याने करावा लागत नाही. तुम्ही नाशिकला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचे निदेशक, सीआयटीएस (निदेशकांचं प्रशिक्षण) झालेले, आणि आता कुटुंबासह कोव्हेंट्रीला येताय. आल्या आल्या पीजीसीईची फी भरू नका, एवढं आधी सांगतो.

गोंधळ जुन्या माहितीमुळे होतो. 2007च्या नियमांप्रमाणे नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षात पीटीएलएलएस हा प्राथमिक कोर्स आणि पाच वर्षांत पूर्ण पात्रता मिळवणं बंधनकारक होतं. 2012मध्ये लॉर्ड लिंगफिल्ड यांच्या समितीने सक्ती नको असं म्हटलं, आणि सप्टेंबर 2013पासून ते नियम रद्द झाले. आता शिक्षकाची पात्रता कॉलेज ठरवतं. मला तो निर्णय आजही पटत नाही. इथे सोळा-सतरा वर्षांची, शाळेत गणिताने हैराण झालेली कितीतरी मुलं येतात. उत्तम वायरमन असणं वेगळं, आणि अशा मुलाला ओहमचा नियम समजावून देणं वेगळं. ते शिकावंच लागतं.

म्हणून कॉलेजंही पात्रता मागतातच. जाहिरातीत बहुधा असतं: अध्यापनाचा लेव्हल 5 डिप्लोमा हवा, किंवा रुजू झाल्यावर करायची तयारी हवी. यातला दुसरा भाग तुमच्यासाठी आहे. मुलाखतीत फी कोण भरणार आणि अभ्यासाला आठवड्यातून किती तास मोकळे मिळणार, हे स्पष्ट विचारा. पुढे क्यूटीएलएस, म्हणजे एफई शिक्षकाचा पूर्ण पात्र असल्याचा दर्जा, घेतलात तर शाळांचीही दारं उघडतात. एप्रिल 2012पासून शाळांमध्ये ते मान्य आहे.

तुमची खरी अडचण मला ट्रेडच्या कागदांत दिसते. सिटी अँड गिल्ड्ससारख्या परीक्षा संस्था शिकवणाऱ्याची आणि मूल्यमापन करणाऱ्याची त्या कामातली पात्रता तपासतात, आणि इथली वायरिंग बीएस 7671 या ब्रिटिश मानकाप्रमाणे चालते. त्याच्या अठराव्या आवृत्तीचा छोटा कोर्स सगळ्यात आधी करा. तुमची प्रमाणपत्रं यूके एनिककडून (परदेशी पात्रता इथल्या कोणत्या पातळीची आहे हे सांगणारी संस्था) तपासून घ्या, इंग्रजी-गणिताच्या लेव्हल 2चा, म्हणजे साधारण इथल्या शालान्त परीक्षेच्या पातळीचा, पुरावा जवळ ठेवा. सीआयटीएस मात्र अर्जात ठळक लिहा. कार्यशाळेत कसं शिकवायचं याचं ते रीतसर प्रशिक्षण आहे, आणि इथल्या अनेक नव्या शिक्षकांकडे तेवढंही नसतं.

शिक्षकाच्या पात्रतेचं हे सगळं फक्त इंग्लंडपुरतं. उद्या वेल्समध्ये नोकरी मिळाली, तर तिथे 2015पासून एफई शिक्षकांना एज्युकेशन वर्कफोर्स कौन्सिलकडे नोंदणी सक्तीची आहे.